गॅस सारखा सारखा का भरावा लागतो? पिकअपची कूलिंग कॉइल बदलताना

(ऑडिओ भागाचं हे वाचण्यासाठी थोडं नीटनेटकं केलेलं रूप. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय.)

आजचा विषय तुम्हीच दिलाय. उन्हाळा लागला की आपल्याकडे एकाच तऱ्हेचे प्रश्न येतात. "मार्चमध्ये पिकअपमध्ये गॅस भरला, मे महिन्यात पुन्हा गरम हवा. मिस्त्री म्हणतोय कूलिंग कॉइल गेली, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. खरंच लागतो का?"

तर आज तेच बघू. एव्हॅपोरेटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कूलिंग कॉइल. ती काय करते, का गळते, तीच गळतेय हे कसं ओळखायचं, आणि बदलायचीच ठरली तर काम कोणत्या क्रमाने व्हायला हवं. तुम्ही स्वतः पाना हातात घेणार नसाल तरी हे माहीत असलेलं बरं. कारण या कामात सुटा भाग तसा स्वस्त आणि मजुरी मोठी. एकदा डॅशबोर्ड परत बसला आणि गळती राहिली, की सगळं पहिल्यापासून.

आणि कोणी म्हणेल, पिकअपला एसी म्हणजे चैन. भर पावसात माळशेज किंवा आंबोली घाट उतरताना समोरची काच आतून धुरकटते ना, तेव्हा विचारा. एसी आधी हवेतलं पाणी काढतो, म्हणून काच साफ राहते. सरकारनेही १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटातल्या, म्हणजे साडेतीन टनांच्या वरच्या मालवाहू गाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा केलाय. साडेतीन टनांच्या आतली पिकअप त्या नियमात येत नाही, पण उकाडा आणि धुरकट काच दोघांनाही सारखीच.

पहिली गोष्ट : गॅस 'संपत' नाही

डिझेल जळतं, म्हणून संपतं. एसीचा गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत राहतो. तोच गॅस, तेच वजन. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते सोडा. पण दोन-तीन महिन्यांत गॅस कमी झाला तर त्याचा अर्थ एकच, कुठेतरी भोक आहे. "गॅस संपला, भरून टाकू" हे वाक्य ऐकलं की लगेच विचारायचं, "गेला कुठून?"

नुसता भरत राहिल्याने काय बिघडतं? तीन गोष्टी. खिसा रिकामा होतो, हे झालं एक. दुसरं, कम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरत असतं. गॅस कमी झाला की तेल नीट परत येत नाही आणि कम्प्रेसर कोरडा घासायला लागतो. तिसरं हवेचं. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो साधारण १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. म्हणजे ६०० ग्रॅम हवेत सोडला तर तो सव्वातीनशे लिटरच्या आसपास डिझेल जाळल्यासारखा. वर्षात दोनदा हे करायचं म्हणजे विचार करा.

कॉइल करते काय?

माठ आठवा. माठ पाझरतो, बाहेरचं पाणी वाफ होऊन उडतं, आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. कूलिंग कॉइलचं तत्त्व तेच. फक्त पाण्याच्या जागी असा पदार्थ, जो फार कमी तापमानाला उकळतो.

आर-१३४ए उघड्यावर, साध्या हवेच्या दाबाला, उणे २६ अंशांना उकळतो. दाब वाढवला की उकळण्याचं तापमान वाढतं. गेजवर २८ पीएसआयच्या आसपास दाब असेल तर तो शून्य अंशाला उकळतो. एसीची सगळी करामत या एका गोष्टीवर आहे. कम्प्रेसर गॅस दाबतो, तो तापतो. पुढे जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर फेकतो आणि त्याचं पातळ द्रव होतं. मग ड्रायर बॉटल त्यातलं पाणी शोषते. एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो कॉइलमध्ये शिरतो, तिथे दाब एकदम पडतो, आणि तो उकळायला लागतो. उकळायला उष्णता लागते. ती तो ब्लोअरच्या हवेतून घेतो. तुमच्या तोंडावर येते ती उष्णता काढून घेतलेली हवा.

हवा गार झाली की तिच्यातली वाफ कॉइलवर पाणी होऊन साचते आणि खालच्या ड्रेन पाइपमधून रस्त्यावर टपकते. उभ्या गाडीखाली पाणी दिसलं की घाबरू नका, ते तब्येत चांगली असल्याचं लक्षण.

मग गळते का?

कारण ती सतत ओली असते. ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, बारीक नळ्या, आणि त्यावर पाणी. त्यात आपली धूळ. बांधावरची माती, भुसा, सुकी पानं, पोत्यांची कुसं. सगळं आत ओढलं जातं आणि ओल्या कॉइलवर लेप बसतो. काही पिकअपमध्ये केबिन फिल्टरच नसतो, ज्यांच्यात असतो त्यातल्या किती जणांनी तो शेवटचा कधी पाहिला? हा ओला लेप ॲल्युमिनियम कुरतडतो. किनारपट्टीला, मासळीच्या वाहतुकीला असलेल्या गाड्यांना आणखी त्रास, कारण मिठातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला टाचणीएवढी भोकं पाडतं.

कधीकधी गंज आतूनही येतो. आधी कोणीतरी व्हॅक्यूम न मारता गॅस भरलेला असतो, आत ओलावा राहतो, तेलाशी मिळून आम्ल तयार होतं. आणि खराब रस्त्यावरचे हादरे नळीच्या जोडांना सैल करतात, ते वेगळंच.

कॉइलच गेली, हे कशावरून?

इथे घाई नको. गळतीच्या जागा बऱ्याच असतात आणि कॉइल ही त्यातली सगळ्यात महागात पडणारी. म्हणून ती शेवटी तपासायची. आधी सोप्या जागा बघा.

सर्व्हिस पोर्टच्या आतली पिन. टोपण काढून साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा दिसतो, ही बदलायला मिनिटं लागतात. मग कंडेन्सर, तो सगळ्यात पुढे असतो, दगड त्यालाच लागतात. मग होजचे दाबलेले जोड आणि कम्प्रेसरच्या पुलीमागचं सील. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट धूळ बसते. नुसत्या डोळ्यांनी दिसते.

हे सगळं कोरडं निघालं, की कॉइलकडे वळायचं. ती डॅशबोर्डच्या पोटात असते, दिसत नाही. तीन मार्ग आहेत.

एक, गॅस शोधणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. एसी आणि ब्लोअर बंद करून दहा-पंधरा मिनिटं गाडी तशीच ठेवायची. आर-१३४ए हवेपेक्षा जड असतो, गळत असेल तर खाली बसतो. मग यंत्राची नळी ड्रेन पाइपच्या तोंडाशी धरायची, पाणी आत जाऊ न देता. तिथे यंत्र ओरडलं तर संशय पक्का होतो.

दोन, चमकणारा रंग. गॅसबरोबर तो आत सोडतात, काही दिवस गाडी चालवतात, मग जांभळ्या दिव्याखाली बघतात. कॉइल गळत असेल तर ड्रेनमधून येणाऱ्या पाण्यात तो पिवळा-हिरवा चमकतो.

तीन, आणि सगळ्यात खात्रीचा, नायट्रोजन. यंत्राने गॅस काढून घेतल्यावर इंजिनच्या बाजूने कॉइलच्या दोन्ही नळ्या सोडायच्या, तोंडं बंद करायची आणि फक्त कॉइलमध्ये नायट्रोजन भरायचा. १५० पीएसआयच्या आसपास, आणि रेग्युलेटर लावूनच. सिलिंडर थेट जोडायचा नाही, त्यात प्रचंड दाब असतो. अर्धा तास थांबा. काटा खाली आला तर भोक कॉइलमध्ये. वाद संपला.

साध्या कम्प्रेसरची हवा यासाठी वापरू देऊ नका. हवेत ओलावा असतो. शिवाय आत आर-१३४ए उरला असेल आणि त्यात दाबाखाली हवा मिसळली, तर ते मिश्रण पेट घेऊ शकतं.

आणि गेजबद्दल एक. इंजिन बंद, गाडी सावलीत, बाहेर ३० अंश असताना आत थोडा जरी पातळ गॅस असेल तरी दाब ९५ ते १०० पीएसआय दाखवतो. भरलेली असो की निम्मी. घरच्या गॅस सिलिंडरसारखं, शेवटच्या दिवसापर्यंत शेगडी चालते. म्हणून "दाब बरोबर आहे, गॅस पूर्ण आहे" हे बरोबर नाही. दाब त्याच्या बराच खाली असेल तर मात्र गॅस गेलाय हे नक्की.

डॅशबोर्ड उतरवायचा की नाही?

गाडीवर अवलंबून आहे. काही गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स काढला की बाजूने झाकण उघडून कॉइल सरकवत बाहेर काढता येते. काहींमध्ये कॉइल, हीटर कॉइल आणि हवेच्या फळ्या एकाच प्लास्टिकच्या पेटीत असतात आणि ती पेटी डॅशबोर्डमागच्या लोखंडी आडव्या दांडीला जखडलेली असते. तिथे डॅशबोर्ड उतरवण्याशिवाय इलाज नाही. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघितल्याशिवाय भाव ठरवू नका. आणि पेटी कापून खिडकी करून कॉइल काढतो, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. ती फट पुन्हा नीट बंद होत नाही, गार हवा डॅशबोर्डमध्ये पसरते आणि पाणी वायरिंगवर पडतं.

काम क्रमाने

आता डॅशबोर्ड उतरवायचाय असं धरून चालू.

सुरुवात गॅसपासून. तो यंत्राने काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. काढलेल्याचं वजन बघा. बॉनेटखालच्या स्टिकरवर ६०० ग्रॅम लिहिलंय आणि निघाला २००, तर गेला किती ते कळलं.

मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची. एअरबॅग असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, कारण तार काढल्यावरही तिच्या सर्किटमध्ये थोडा वेळ वीज साठलेली असते. ही पायरी घाईत गाळायची नाही.

इंजिन पूर्ण गार असताना कूलंट काढायचा. "आपण कुठे हीटर वापरतो?" असं म्हणाल, पण हीटर कॉइल त्याच पेटीत आहे आणि तिच्यात कूलंट फिरतो. इंजिनच्या बाजूने हीटरचे दोन होज आणि एसीच्या दोन नळ्या सोडायच्या. एसीच्या नळ्यांची तोंडं त्याच क्षणी बंद. हवेतला ओलावा आत जाऊ द्यायचा नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

पुढची चाकं सरळ करून स्टिअरिंग लॉक करा. स्टिअरिंग मोकळं फिरत राहिलं तर आतली गुंडाळलेली पट्टी तुटते, मग हॉर्न आणि एअरबॅग दोन्ही बंद.

आता डॅशबोर्ड. प्रत्येक टप्प्याचा फोटो. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. प्रत्येक कनेक्टरला कागदी पट्टी. कंटाळवाणं वाटतं, पण शेवटी चार स्क्रू उरले आणि डॅशबोर्ड कुरकुरायला लागला की याची किंमत कळते. डॅशबोर्ड उचलायला दोघं हवेत. तो जड असतोच, शिवाय एकट्याने ओढला की कुठलीतरी विसरलेली तार तुटते.

पेटी बाहेर आली की क्लिपा आणि स्क्रू काढून तिचे दोन भाग करायचे. आत जे दिसेल त्याला तयार राहा : चिखल, पिसं, कधी उंदराचं घर. जुन्या कॉइलमध्ये तापमान मोजणारा एक सेन्सर खोचलेला असतो. तो कुठे आणि किती आत आहे, याची आधी खूण करा. नव्या कॉइलमध्ये तो तिथेच बसला पाहिजे. चुकीच्या जागी बसला तर कम्प्रेसर वेळेवर बंद होत नाही, कॉइलवर बर्फ साचतो आणि थोड्या वेळाने हवाच बंद होते.

पेटी धुवा, ड्रेनचं भोक मोकळं करा. नवी कॉइल जुनीच्या शेजारी ठेवून नळ्यांची जागा, जाडी, उंची ताडून बघा. कडेचा स्पंज नवा लावा, नाहीतर हवा कॉइलला वळसा घालून गरमच येते.

सोबत काय बदलायचं?

एक्सपान्शन व्हॉल्व्ह, सगळ्या ओ-रिंग आणि ड्रायर बॉटल. ड्रायरमधले दाणे ओलावा शोषतात आणि सिस्टिम उघडी राहिली की भरून जातात. हे तीन भाग मजुरीच्या मानाने किरकोळ आहेत.

हीटर कॉइल जुनी असेल तर तीही आत्ताच तपासा. सहा महिन्यांनी ती गळली तर पुन्हा हाच डॅशबोर्ड उतरवायचाय.

तेलाचं विसरू नका. जुन्या कॉइलमध्ये थोडं तेल राहून जातं, तेवढं नवं घालावं लागतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, बऱ्याच गाड्यांत तो ३० ते ६० मिलीच्या दरम्यान. तेल कम्प्रेसरला सांगितलेल्या जातीचंच. आणि सीलबंद बाटलीतलं, कारण हे तेल हवेतलं पाणी पटकन ओढून घेतं.

डॅशबोर्ड बसवण्याआधी थांबा

सगळ्यात महत्त्वाचं. पेटी जागेवर बसली, नळ्या जोडल्या, की डॅशबोर्ड लावण्याच्या आधी पूर्ण सिस्टिममध्ये नायट्रोजन भरून गळती तपासायची. नवी कॉइल कधी खराब निघते, कधी ओ-रिंग दुमडते. आत्ता सापडलं तर तासाभराचं काम, नंतर सापडलं तर दोन दिवसांचं. मिस्त्रीशी आधीच हे बोलून ठेवा.

व्हॅक्यूम आणि गॅस

नायट्रोजन सोडून दिला की व्हॅक्यूम पंप. निदान अर्धा ते पाऊण तास, पावसाळ्यात जास्त. व्हॅक्यूम फक्त हवा काढत नाही, तो पाणी काढतो. दाब पुरेसा खाली गेला की ३० अंशांनाही पाणी उकळून वाफ होतं आणि पंप ती ओढून घेतो. पाच मिनिटांत उरकलेल्या व्हॅक्यूमने ते होत नाही. मग पंप बंद करून काटा स्थिर राहतो का बघायचं.

गॅस वजनावर भरायचा. स्टिकरवर जेवढे ग्रॅम, तेवढेच. "हाताला पाइप गार लागला, बस" हा अंदाज झाला. जास्त भरलेला गॅसही कूलिंग कमीच करतो आणि कम्प्रेसरवर दाब आणतो. सिलिंडर सीलबंद आणि ओळखीच्या दुकानातला घ्या. भेसळीत पेट घेणारा गॅस मिसळलेला असेल आणि तो केबिनमध्ये गळला, तर काय होईल ते सांगायला नको.

शेवटी कूलंट भरून हवा काढा, एअरबॅगचा दिवा चालू होऊन विझतो का बघा, ड्रेनमधून पाणी टपकतंय का बघा. पाणी केबिनच्या मॅटवर येत असेल तर ड्रेन पाइप नीट बसलेला नाही.

तुमचे प्रश्न

एका श्रोत्याने विचारलंय, "गळती बंद करणारं औषध मिळतं, ते टाकलं तर?" टाकू नका. ते एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात अडकू शकतं आणि गॅस काढायच्या यंत्रातही. बरीच गॅरेजं मग त्या गाडीला हात लावत नाहीत.

दुसरा प्रश्न, "लो प्रेशर स्विच डायरेक्ट करून दिला, आता कम्प्रेसर चालतो. चालेल का?" नाही. गॅस कमी झाल्यावर कम्प्रेसर वाचावा म्हणूनच तो स्विच आहे. तो डायरेक्ट करणं म्हणजे ऑइलचा लाल दिवा पेटला म्हणून बल्ब काढून टाकणं.

तिसरा, "सध्या पैसे नाहीत, एसी बंद ठेवून चालवली तर?" चालते. गाडीला धोका नाही. एसीचं बटण बंद ठेवा, ब्लोअर वापरा. पावसात काच धुरकटली तर हीटरची गरम हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घ्या, काच साफ होते. दर दोन महिन्यांनी गॅसवर घालवायचे पैसे बाजूला टाका आणि हंगाम संपला की काम एकदाच नीट करून घ्या.

कॉइल नवी बसली की तिला जपणं सोपं आहे. फिल्टर असेल तर बदलत राहा. काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा. मुक्कामाला पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, कॉइल सुकते. कुबट वासही जातो.

आज इतकंच. तुमच्या पिकअपचं मॉडेल आणि कॉइल कुठल्या बाजूने निघाली ते कळवा, म्हणजे दुसऱ्या कोणाचा डॅशबोर्ड वाचेल. पुढच्या भागात कम्प्रेसरच्या क्लचबद्दल बोलू. सावकाश चालवा. भेटूच.